दिवा, वाट आणि पडदा

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हा वक्त्यापाशी आवाज आणि श्रोत्यांपाशी कान एवढ्या सामग्रीवर काम भागत असे. आज तेवढ्याने भागत नाही. वक्ता लॅपटॉप घेऊन येतो, मंडळाची मुले कपाटातून डिजिटल प्रोजेक्टर काढतात, आणि व्याख्यानाचा पहिला अर्धा तास पुष्कळदा त्या दोन यंत्रांची सोयरीक जुळविण्यात जातो. या अर्ध्या तासाचा विचार करावा आणि त्यामागचा इतिहास आपणांपुढे ठेवावा, एवढाच आजचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी या मंगळवार पेठेतच आम्ही एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय जुन्या कोल्हापूरचा, आणि वक्त्याने मोठ्या कष्टाने जमविलेली छायाचित्रे दाखवावयाची होती. सभागृह भरले, परंतु पडद्यावर नुसता निळा प्रकाश आणि त्यात ‘नो सिग्नल’ ही दोन अक्षरे. मुलांनी यंत्र बंद केले, पुन्हा लावले, वायरी हलविल्या, एकाने तर पाठीवर थाप मारावी तशी त्याच्या पेटीवर थापही मारली. पंचवीस मिनिटे गेली. मागच्या रांगेतले लोक उठू लागले. तेव्हा एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत पुढे आले. आयुष्यभर त्यांनी सिनेमागृहात यंत्र चालविले होते. डिजिटल प्रोजेक्टरला त्यांनी त्या दिवसापर्यंत हात लावलेला नव्हता.

“मामा, मशीनच बाद झालंय,” मुलगा म्हणाला.

“बाद न्हाई रं पोरा. दिवा लागलाय न्हवं? मग आता वाट बघ, चित्र कुठनं येतंय त्याची. शेवटाला पडदा. तिन्हीतलं एकच काहीतरी अडलेलं असतंय.”

तपास केला तो खरेच वाट अडली होती. वायर एका खाचेत होती आणि यंत्र दुसऱ्याच खाचेकडे डोळे लावून बसले होते. रिमोटवरील ‘सोर्स’चे बटण दोनदा दाबताच चित्र उमटले. आम्ही घरी आलो ते वक्त्याच्या छायाचित्रांपेक्षा म्हाताऱ्याचे ते तीन शब्द घेऊन : दिवा, वाट आणि पडदा. ज्यांनी नवे यंत्र कधी हाताळलेले नाही त्यांना त्याचा दोष कळावा, हे कसे? याचे उत्तर असे की यंत्र नवे असले तरी त्याच्या अडचणी जुन्याच आहेत. प्रोजेक्टरच्या मेनूतील एकेक पर्याय म्हणजे मागच्या पिढ्यांना भेडसावलेला एकेक प्रश्न होय.

आपल्या प्रांतापुरतेच पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. हाताने रंगविलेल्या काचपट्ट्या, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर पडदा. भिंगातून चित्र उलटे पडते, म्हणून काचपट्टी उलटी घालावी लागे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. त्यांच्या सिनेमॅटोग्राफ यंत्राची मौज अशी की तेच यंत्र चित्र टिपी, तेच त्याची प्रत काढी आणि तेच ते पडद्यावर दाखवी. कॅमेरा आणि प्रोजेक्टर ही मुळात सख्खी भावंडे. एकात उजेड बाहेरून आत येतो, दुसऱ्यात तो आतून बाहेर जातो.

हे नाते कोल्हापूरने फार लवकर ओळखले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’चे पडदेही त्यांच्या हातचे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला आणि या पडदे रंगविणाऱ्यांना हलत्या पडद्याचे वेड लागले. त्यांनी एकदम चित्रपट काढावयास घेतला नाही. प्रथम ते सिनेमा दाखविणारे झाले, आणि दाखविता दाखविता स्वतःचा कॅमेरा जुळविण्याच्या खटपटीला लागले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ साली कॅमेरा चालू केला. शाहू महाराजांच्या या नगरीत महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० साली ‘सैरंध्री’ आला. पुढे याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर या मंडळींनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. या साऱ्या वैभवाच्या मुळाशी, यंत्र म्हणजे देवाघरची वस्तू नव्हे, ते समजून घेता येते, ही एक धीट समजूत होती.

आता म्हाताऱ्याच्या तीन शब्दांकडे वळू.

पहिला दिवा. जुन्या सिनेमागृहांत कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवीत. कांड्या जळत जात, त्यांतील अंतर वाढे, आणि पडदा पिवळट पडू लागे. यास्तव चालकाला त्या वरचेवर जवळ आणाव्या लागत. नंतर झेनॉन वायूचे दिवे आले. लहान प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचे दिवे रूढ झाले आणि आता लेझर व एलईडी त्यांची जागा घेत आहेत. पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य साधारण काही हजार तासांचे. लेझरचे वीस हजारांच्या घरात सांगतात. दिवा जुना झाला म्हणजे चित्र हळूहळू मंद होते आणि यंत्रावरील तांबडा ठिपका तशी सूचना देतो. परंतु यंत्र मध्येच आपोआप बंद पडले तर नेहमी दिव्यालाच दोष देऊ नये. बहुधा त्याची जाळी धुळीने तुंबलेली असते, वारा खेळत नाही, आणि अति उष्णतेमुळे यंत्र स्वतःला मिटून घेते. जाळी काढून झटकावी. दिव्याच्या यंत्राची वीज कार्यक्रम संपताच ओढून काढू नये. पंखा थांबेपर्यंत दोन मिनिटे वाट पाहावी. ज्या चालकाने कोळशाची ज्योत सांभाळली त्याला हे शिकवावे लागत नाही.

उजेडाचा हिशेबही जुनाच आहे. यंत्र पडद्यापासून दुप्पट लांब नेले की चित्राची लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट होतात, म्हणजे तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चित्र चौथाई तेजाचे होते. तीन हजार लुमेनचे यंत्र सहा चौरस मीटरच्या पडद्यावर पाचशे लक्स उजेड पाडील. तेच बारा चौरस मीटरांवर अडीचशे. त्यात पडद्यावरची ट्यूबलाइट चालू असली तर संपलेच. कारण यंत्राला काळा रंग फेकता येत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे केवळ उजेडाचा अभाव. म्हणून ‘ब्राइटनेस’ वाढवीत बसण्याआधी पडद्याजवळचा दिवा मालवावा. ब्राइटनेस वाढविल्याने काळा भाग करडा होतो, मूळ तेज वाढत नाही.

दुसरी वाट. फिल्मच्या काळी चित्राची वाट डोळ्यांना दिसे. दात्यांच्या चाकांवरून फिल्म खाली सरके, भिंगासमोर प्रत्येक चित्र क्षणभर स्थिर राही, आणि ते सरकत असता झडप उजेड अडवी. मूकपटांच्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे हाताने फिरवीत; १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला आणि आवाजासाठी चोवीसचा वेग आला. कोल्हापुरात तयार झालेला ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली त्याच वेगाने धावला. चित्राची चौकट चुकून खाली सरकली की नायकाचे पाय वर आणि डोके खाली दिसे. प्रेक्षक ओरडत, चालक एक खुंटी फिरवून चौकट जागेवर आणी.

आज फिल्म नाही. १९८७ साली अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चकती सिद्ध केली. केसाच्या जाडीहून बारीक असा एकेक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलून उजेड भिंगाकडे तरी फेकतो, नाहीतर बाजूला तरी टाकतो. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत तांबडा, हिरवा व निळा असे उजेडाचे तीन भाग करून ते तीन द्रवस्फटिकांच्या काचांतून जातात आणि लोलकात पुन्हा एक होतात. १९९९ साली अमेरिकेत काही चित्रगृहांत डिजिटल पद्धतीने चित्रपट दाखविला गेला. आपल्याकडे पुढच्या दशकात ही लाट आली आणि फिल्मची रिळे उचलणारे हात रिकामे झाले. वाट दिसेनाशी झाली, म्हणून ती नाही असे मात्र नव्हे.

तेव्हा चित्र नसेल तर वाटेचे तीन नाके तपासावेत. वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे काय? प्रोजेक्टरच्या ‘सोर्स’मध्ये तीच खाच निवडली आहे काय? आणि लॅपटॉपने चित्र बाहेर पाठविले आहे काय? विंडोजच्या यंत्रावर विंडोजची कळ व ‘पी’ एकदम दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. ‘एक्स्टेंड’ असेल तर वक्त्यासमोर एक चित्र आणि लोकांसमोर कोरा पडदा, असा घोटाळा होतो. सारे चित्र पिवळे किंवा निळसर झाले तर जुन्या पद्धतीच्या व्हीजीए वायरीची एखादी पिन वाकलेली असण्याचा संभव मोठा. तीन रंगांपैकी एक वाटेतच गळतो. निळा गळला तर चित्र पिवळे पडते, तांबडा गळला तर निळसर हिरवे.

अक्षरे पुसट दिसत असतील तर आधी फोकसची कडी फिरवावी, आणि तरीही नच सुधारली तर ठिपक्यांचा मेळ पाहावा. जुन्या लहान यंत्रात आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके, म्हणजे आठ लाखांहूनही कमी; नव्या लॅपटॉपकडून १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांवर ठिपके येतात. वीस माणसांना आठ खुर्च्यांवर बसविले तर जे होते तेच येथे होते. लॅपटॉपचे रिझोल्यूशन यंत्राइतके केले की अक्षरांना कणा येतो. माणसे बुटकी किंवा उंच दिसू लागली तर ‘आस्पेक्ट रेशो’ पाहावा : चारास तीनचे चित्र सोळास नऊच्या चौकटीत ताणले गेले आहे. नायकाचे पाय वर नेणारी जुनी खुंटीच ही, फक्त मेनूत जाऊन बसलेली.

तिसरा पडदा. यंत्र खाली ठेवून त्याचे नाक वर केले की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होते. कमानीच्या माथ्यावर बसविलेल्या मधल्या दगडाचा आकार असाच असतो, म्हणून या दोषाला इंग्रजीत त्या दगडाचेच नाव पडले : कीस्टोन. मेनूतील ‘कीस्टोन’ चित्राच्या बाजू सरळ करतो खरा, परंतु तो बाजूचे ठिपके कापून, उरलेले दाबून करतो; त्यात अक्षरांची धार जाते. जादूच्या कंदिलाला असला मेनू नव्हता. त्याचा चालक टेबल उंच करी आणि भिंग पडद्यासमोर नीट धरी. आजही तोच उपाय पहिला, मेनू दुसरा. चित्र उलटे किंवा आरशातल्यासारखे दिसले तर यंत्र छताला टांगल्याची किंवा पडद्यामागून दाखविण्याची निशाणी मेनूत चुकून लागली आहे असे समजावे. काचपट्टी उलटी घालणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा होता.

एवढा पसारा मांडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, ‘सैरंध्री’ आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची ज्वालाग्राही फिल्म काळाने नेली, आणि २००३ साली पुण्याला लागलेल्या आगीत ‘प्रभात’च्याही कितीतरी मूळ फिल्म जळाल्या. वस्तू जातात. परंतु यंत्राची झाकणे उघडून पाहण्याची जी वृत्ती पेंटरबंधूंनी या गावाला दिली ती जावयास आग लागावी लागत नाही. ‘यातले आपल्याला काय कळते’ असे म्हणून चार माणसे मागे सरली की ती जाते. पंचवीस मिनिटे निळ्या पडद्याकडे पाहणाऱ्या त्या सभागृहात आम्हीही होतो, आणि मागे सरणाऱ्यांतलेच होतो, हे येथे कबूल करतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळाने दोन मुलांना हे यंत्र हाती देऊन शिकवावे, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी रिकाम्या सभागृहात ते लावून पाहावे, वक्त्याची चित्रे एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवावीत, आणि प्रोजेक्टरच्या पेटीच्या आत तीन शब्दांची एक चिठ्ठी चिकटवावी : दिवा, वाट, पडदा. आपल्या पेठांतून यंत्र चालविण्यात ज्यांचे आयुष्य गेले असे काही जाणते अजून आहेत. त्यांना एक दिवस बोलवावे. नव्या यंत्राची बटणे त्यांना मुले दाखवितील. कोणत्या बटणाकडे आधी पाहावे, हे मुलांना ते दाखवितील. कोल्हापूरच्या पडद्याचा इतिहास सांगून संपवावयाचा नसेल, तर तो असाच पुढे चालवावा लागेल.