गादी, पातेलं आणि मॉनिटर

नांदगाव खंडेश्वरात माझ्या आतेभावाचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पीक विमा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळं तिथं होतं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्याचा जुना मॉनिटर बिघडला. बटण दाबलं की दोन सेकंद चित्र दिसे आणि पडदा काळा होई. जो तो म्हणे, ‘आता हे कोण दुरुस्त करतं? नवा घे.’ एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी मात्र मान हलवली. ‘खोलल्याशिवाय काय सांगू, बाप्पा?’

दुरुस्त करायचं की बदलायचं, हा प्रश्न काही कम्प्युटरसोबत आलेला नाही. वऱ्हाडात तो दीडशे वर्षांचा तरी आहे, आणि त्याचा इतिहास बऱ्याच अंशी इथल्या मुस्लीम कारागिरांचा इतिहास आहे.

आधी पिंजाऱ्याचं बघू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे बडनेऱ्यावरून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. कापूस बाहेर जाऊ लागला, गिरणीचं सूत आणि कापड आत येऊ लागलं. हातसुतासाठी कापूस पिंजून देण्याचं काम आटत गेलं. पिंजाऱ्याकडे उरली ती गादी-रजई. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात बहना, पिंजारा, धुनिया या नावांनी या मुस्लीम जमातीची स्वतंत्र नोंद आहे. कापूस दबला की पिंजारी अंगणात गादी उसवी, धनुकलीनं कापूस फुलवी, पुन्हा भरून टाके घाली. गादी तीच राही, झोप मात्र नवी लागे.

कल्हईवाल्याचंही तसंच. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात आंबट पदार्थ कळके. मग भाता, नवसागर आणि कथील घेऊन कल्हईवाला दारात येई, आणि तासाभरात पातेलं चांदीसारखं चमके. या धंद्यातही अनेक मुसलमान होते.

नवी वस्तू कारखान्यानं बनवायची आणि जुनी कारागिरानं सांभाळायची, अशी ही वाटणी होती. ती टिकली तोवर दोघांचं चाललं. पुढे वस्तूच अशा आल्या की त्यांना कारागीर लागेना. स्टीलला कल्हई नको. फोमची गादी पिंजता येत नाही. यात घरच्या बाईचा त्रास वाचला, हेही खरं. पण भाता विझला, धनुकली अडगळीत गेली आणि त्या घरांतली पोरं दुसऱ्या कामाला लागली.

त्यातली काही रेडिओ, पंखा, मोटार वायंडिंगकडे आणि पुढे टीव्हीकडे वळली. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला. कम्प्युटरचा जुना फुगीर मॉनिटरही त्याच जातीचा. दोन्हींत पिक्चर ट्यूब, आणि तिचं मूळ १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांनी बनवलेल्या नळीत. म्हणून टीव्हीचा मिस्त्री मॉनिटरही उघडू शकला. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे तालुक्याच्या गावांत कम्प्युटर पोचले. भारनियमन आणि कमी-जास्त होणारं व्होल्टेज यांनी मिस्त्रीला काम पुरवलं.

मग चपटे मॉनिटर आले. जगभरात त्यांनी पिक्चर ट्यूबला मागे टाकलं. यांचं पॅनल म्हणजे चिकटवून बंद केलेली काच. तिला चीर गेली किंवा उभ्या रेषा आल्या तर मिस्त्री फारसं काही करू शकत नाही, आणि नवं पॅनल जवळजवळ नव्या मॉनिटरच्या भावात पडतं. स्टीलच्या पातेल्याची गोष्ट इथं पुन्हा घडते, पण पुरती नाही. आतली वीजपुरवठ्याची पाटी अजून उघडता येते. फुगलेला कपॅसिटर थोड्या रुपयांत बदलतो.

तेव्हा घाईनं ठरवू नये. आधी केबल आणि अॅडॉप्टर बदलून बघावा. पडदा काळा असेल तर त्यावर तिरकी बॅटरी मारावी. पुसट चित्र दिसलं तर पॅनल जिवंत आहे, बिघाड बॅकलाइटचा किंवा त्याला वीज देणाऱ्या भागाचा आहे. अशा वेळी दुरुस्ती करावी. पॅनलच गेलं असेल तर बदलावा. जुना पिक्चर ट्यूबवाला असेल तर विजेचाही हिशेब करावा. तो साधारण ७० वॅट खातो, नवा २० वॅट. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १२० युनिट वाचतात. तिथं जुन्याचा हट्ट हीच उधळपट्टी ठरते. आणि तो घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो.

बदललेला मॉनिटर जातो कुठे, हेही विचारायला हवं. भंगारवाल्याकडून हा माल दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला पोचतो. मुरादाबाद ही पितळेची नगरी. पितळकामाला उतरती कळा लागल्यावर तिथले अनेक कारागीर सर्किटच्या पाट्या जाळून, आम्लात बुडवून तांबं काढू लागले. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, जुन्या चपट्या मॉनिटरच्या दिव्यांत पारा असतो. ई-कचऱ्याचे नियम मे २०१२पासून लागू आहेत, एप्रिल २०२३पासून ते नव्यानं आले. तरी धूर गरीब मुसलमान वस्त्यांतल्या लेकरांच्या छातीत जातो. दुरुस्तीचा धंदा आपल्या हातून गेला आणि तोडण्याचा आपल्या वाट्याला आला.

इस्लाममध्ये इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत आहे. प्रेषित (स.) स्वतःची चप्पल सांधत, कपड्याला टाके घालत, असं हजरत आयशांच्या रिवायतीत येतं. आपण हे जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन चालू होऊ शकणारी वस्तू भंगारात देतो.

चाचांनी मॉनिटर खोलला. दोन कपॅसिटर फुगलेले होते. ते बदलले, पडदा टिकला आणि त्या संध्याकाळी राहिलेले फॉर्म भरून झाले. निघताना मी विचारलं, ‘तुमच्या हाताखाली कोणी शिकतं का?’ ते म्हणाले, ‘पोरायले मोबाइल विकाचा असते, खोलाचा नसते.’

मोहल्ल्यामोहल्ल्यात आपल्या संस्था कम्प्युटरचे वर्ग चालवतात. तिथं टायपिंग शिकवतात, फॉर्म भरायला शिकवतात. आठवड्यातला एक तास पेचकस आणि मल्टिमीटरला द्यायला काय हरकत आहे? शिकवणारे चाचा अजून आहेत.