नून, लोणी आणि वकील

भाची बंगळुरूहून रायपूरला आली ती पिशवीत तीन हिरवीगार, दगडासारखी कडक फळं घेऊन. "मावशी, उद्या याचा सॉस करू. अगदी क्रीमसारखा होतो, आणि अंडं अजिबात नाही," असं तिनं जाहीर केलं. शेवटचं वाक्य माझ्या सासूबाईंकडे बघत. उद्या काही तो सॉस झाला नाही. अवाकाडो झाडावर पिकतच नाही, तोडल्यावर मऊ पडायला लागतो, आणि ही फळं फारच ताजी तोडलेली असावीत. शेवटी आंब्याची अढी घालतो तशी ती तांदळाच्या डब्यात पुरली. इकडे खेड्यांत आंबे पैऱ्यात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, पिकवतात. तत्त्व एकच: फळातून निघणारा इथिलीन वायू फळाभोवतीच कोंडायचा. चौथ्या दिवशी देठाशी अंगठा दाबला तर किंचित आत गेला.

तोवर घरात चर्चा फळाच्या नावाची. माझे सासरे निवृत्त वकील. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे अवाकाडो की ॲडव्होकेट?" थट्टेतच, पण बाण बरोबर लागला होता. मेक्सिकोच्या नाहुआटल भाषेत या फळाला 'आवाकात्ल' म्हणतात. स्पॅनिश लोकांच्या जिभेला शेवटचा 'त्ल' पेलेना, त्यांनी 'अग्वाकाते' केलं. मग त्यांच्याच भाषेतला वकिलासाठीचा एक जुना शब्द, 'आव्होकादो', कानाला जवळचा वाटला आणि फळाच्या अंगावर काळा कोट चढला. फ्रेंचमध्ये तर आजही फळाला आणि वकिलाला एकच शब्द आहे, 'आव्होका'. इंग्रजीनं त्याला मध्येच 'ॲलिगेटर पेअर' करून टाकलं होतं. मगरीच्या नावानं फळ खपणार कसं, म्हणून कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी १९१५ साली संघटना काढली तेव्हा 'अवाकाडो' हेच नाव उचलून धरलं. सासरे म्हणाले, "चला, मगरीपेक्षा वकील बरा, एवढं तरी जगानं मान्य केलं."

भाचीच्या डोक्यात नमुना होता मेयोनीजचा. या शब्दाच्या जन्माच्या दोन कथा सांगतात. एक अशी की १७५६ मध्ये फ्रेंचांनी मिनोर्का बेटावरचं माहोन बंदर जिंकलं, त्या गावावरून हे नाव पडलं. दुसरी अशी की जुन्या फ्रेंचमध्ये अंड्यातल्या पिवळ्या बलकाला 'मोयो' म्हणत, त्यावरून. मला दुसरी खरी ठरावीशी वाटते, कारण मग किराणा दुकानात हिरवा ठिपका मिरवत बसलेलं 'एगलेस मेयोनीज' म्हणजे बिनबलकाचं बलक ठरतं. त्या बलकाचं काम एवढंच की त्यातलं लेसिथिन तेल आणि पाणी यांना एकमेकांपासून फुटू देत नाही. अशा मिश्रणाला मराठीत शास्त्रीय नाव दिलंय 'पायस'. खिरीचं नाव प्रयोगशाळेत नेऊन ठेवणारा कुणी रसिकच असला पाहिजे. इंग्रजी 'इमल्शन'च्या पोटातही लॅटिनमधलं धार काढणं आहे आणि पायसाच्या पोटात पयस्, म्हणजे दूधच. अवाकाडोच्या गरात स्निग्धांश आधीच बारीक कणांनी विखुरलेला असतो, गर त्याला धरूनही ठेवतो. त्यामुळे बलकाची गरज पडत नाही. मेक्सिकोत ती कधी पडलीच नव्हती. 'ग्वाकामोले' हा मुळात 'आवाकामोल्ली', म्हणजे आवाकात्लचं मोल्ली, त्यांच्याकडचं वाटण.

चौथ्या दिवशी दुपारी फळ चिरलं. चमच्यानं गर काढला. स्वयंपाकाला येणाऱ्या बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी बोटाच्या टोकावर थोडा गर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि छत्तीसगढीत म्हणाल्या, "एह तो लेवना असन हे." हे तर लोण्यासारखं आहे.

लेवना आणि लोणी! तीस वर्षं या घरात हा शब्द ऐकतेय, पण दोन्ही शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. दोघांची आजी एकच, संस्कृत 'नवनीत', नुकतंच काढलेलं. पहिल्या 'न'चा दोन्हीकडे 'ल' झाला. हिंदीचं 'मक्खन' दुसऱ्याच घरातलं, 'म्रक्षण' म्हणजे माखणं, चोपडणं यातून आलेलं. 'न' आणि 'ल' दोन्ही म्हणताना जिभेचं टोक जवळपास त्याच जागी टेकतं, फक्त हवा एकदा नाकातून जाते आणि एकदा जिभेच्या कडेनं. म्हणूनच नंबराचा लंबर आणि नुकसानाचं लुकसान होतं. सुशिक्षित माणूस हसतो, आणि त्याच तोंडानं नवनीताला लोणी म्हणतो.

मग तो खेळ ओट्यावर जागोजागी दिसायला लागला. फळ चिरल्यावर गर हवेनं काळपट पडतो, ते लांबवायला अर्ध्या लिंबाचा रस पिळला. आपलं लिंबू, हिंदीचं नींबू, बाईंचं लिमउ. मलय भाषेत या कुळातल्या फळांना 'लिमाउ' म्हणतात, त्यामुळे इथे 'ल' आधी की 'न' आधी यावर मी पैज लावणार नाही. कडुलिंबाचं मात्र स्पष्ट आहे: संस्कृत निंब, मराठी लिंब, छत्तीसगढी लीम. उलट दिशेची उदाहरणंही आहेत. संस्कृत 'लाङ्गल' मराठीत नांगर झाला आणि छत्तीसगढीतही नांगरच. 'ललाट' आपल्याकडे निढळ झालं, घामापुरतं उरलं.

इथं एक मोह होतो. आमचं घर तात्यापाऱ्यात. या नावातला तात्या मराठी आणि 'पारा', म्हणजे वस्ती, छत्तीसगढी. नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंतांची स्वारी इकडे रतनपूरवर आली ती १७४१ साली, पुढे बिंबाजी भोसल्यांनी तिथं राहून कारभार केला. तेव्हा हे शब्द भोसल्यांच्या घोड्यांवरून आले असं म्हणून टाकावंसं वाटतं. तात्या तसा आला असेल. नांगर तसा येत नाही. हे बदल प्राकृतांच्या काळापासूनचे, फार जुने आहेत. हिरालाल काव्योपाध्यायांनी १८८५ साली लिहिलेलं छत्तीसगढीचं व्याकरण आमच्या पिढ्यान्पिढ्या रायपुरी म्हणवणाऱ्या घरात मात्र कधी कुणी उघडलं नाही, हेही सांगून टाकते.

मिक्सरच्या भांड्यात गर, लिंबाचा रस, लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे घट्ट दही. भाची म्हणाली दही नको, तिकडे तिच्या मैत्रिणी दूधदुभतंही खात नाहीत. मी घातलं. चमचाभर तेल, फिरवताना चार चमचे पाणी. आधी खडबडीत, मग एकाएकी आवाज बदलला, जड आणि गुळगुळीत झाला, आणि भांड्याच्या कडेनं पोपटी रेशीम फिरायला लागलं. चमचा उलटा केला तर पडेना.

सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "मीठ घातलंस?" या घरात हा शब्द जपून वापरावा लागतो. लग्न होऊन नवीन आले तेव्हा शेजारच्या मुलीला "जरा मीठ आण गं" म्हटलं तर ती गूळ घेऊन आली होती. तिची चूक नव्हती. संस्कृत 'मृष्ट' म्हणजे रुचकर. हिंदीनं त्यातला गोडवा घेतला आणि मराठीनं, गुजरातीसारखंच, ते नाव खाऱ्या वस्तूला दिलं. लवण हा जुना शब्द आपण लोणच्यात मुरवून ठेवला, लोणारच्या खाऱ्या सरोवरात ठेवला, लावण्यातही ठेवला. लोणी आणि लोणचं एका पंगतीत बसतात, दिसतात सख्खी बहीण-भावंडं, पण एकीची आई नवनीत आणि दुसऱ्याची लवण. छत्तीसगढीत हा घोटाळा नाही. तिथं लवणातल्या 'ल'चा 'न' होऊन 'नून' झालं आणि नवनीताचं लेवना. म्हणजे दोन्ही शब्दांनी आपापली पहिली अक्षरं अदलाबदल करून घेतली.

'सॉस'ही त्याच खारीतला. लॅटिन 'साल्सा', म्हणजे खारवलेली. सॅलडही तिथलंच.

सॉस वाटीत काढला. बाईंनी तांदळाच्या पिठाचे चीले काढले होते, शेजारी नेहमीची पतालची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. पताल हे नाव इथलं असलं तरी 'टोमॅटो' हा शब्द आवाकात्लच्याच गावचा, तिकडचा 'तोमात्ल'. भाचीनं फोटो काढले. सासऱ्यांनी पहिला घास घेऊन "वकील पचायला बरा दिसतो" म्हटलं. सासूबाईंनी चीला पतालच्याच चटणीशी खाल्ला. बाईंनी सॉसमध्ये तुकडा बुडवला, तोंडात घोळवला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"नून कम हे."

अळणीच झाला होता. अळणी म्हणजे अलवण. सासूबाईंना "हो" म्हणून मी घालायलाच विसरले होते.