सेल्फ, सहा व्होल्ट आणि दुकानातला गल्ला

आपल्याकडचा मेकॅनिक स्टार्टर मोटरला कधीच स्टार्टर म्हणत नाही. तो म्हणतो ‘सेल्फ’. "साहेब, सेल्फ गेलाय, काढावा लागेल." ‘सेल्फ-स्टार्टर’मधला स्टार्टर कुठेतरी गळून पडला आणि सेल्फ तेवढा आपल्याकडे मुक्कामाला राहिला. पण या शब्दातच इतिहास आहे बघा. गाडी ‘स्वतःहून’ चालू होते हे मुद्दाम सांगावं लागायचं, म्हणजे त्याआधी ती स्वतःहून होत नव्हती!

त्याआधी होतं हँडल. जुन्या अँबॅसिडरला पुढून हँडल मारणारे काका ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. हँडल फिरवताना ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मनगटावर येतं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर लोक आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते यावरूनच.

कॅडिलॅकच्या हेन्री लेलंड यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. त्यांचे मित्र बायरन कार्टर एका बाईंची बंद पडलेली गाडी चालू करून द्यायला गेले, हँडल उलटून जबड्यावर बसलं, आणि त्यातच पुढे ते गेले. लेलंड यांनी मग शपथच घेतली, की माझ्या गाडीने यापुढे माणूस मरणार नाही. गोष्ट झकास आहे, पण ती बहुतेक वेळा १९१० च्या हिवाळ्यात घडवतात आणि कार्टर वारले १९०८ मध्ये. तेव्हा मीठ लावूनच घ्यावी. एवढं मात्र खरं, की लेलंड यांना हँडल नको होतं आणि त्यासाठी त्यांनी चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरला गाठलं. (आडनाव वाचून लग्नाची पंगत आठवली ना? मलाही.)

हे केटरिंग ओहायोतल्या डेटनमध्ये राहायचे. आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरीला होते. दुकानातल्या गल्ल्याचं मशीन तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवायचे. केटरिंगनी १९०६ मध्ये त्याला विजेची मोटर बसवली. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. गल्ला उघडायला मोटर क्षणभरच फिरते आणि मग बराच वेळ गप्प बसते. दिवसभर चालणारी मोटर मोठी हवी, नाहीतर तापून जळेल. पण क्षणभरच चालायचं असेल, तर छोट्याशा मोटरवर तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकला तरी चालतो. तापायला वेळच मिळत नाही.

गाडीचं इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असं तेव्हाच्या जाणकारांना वाटायचं. त्यांचं गणित चुकलं नव्हतं, फक्त ते दिवसभराचा हिशोब करत होते. केटरिंगनी काही सेकंदांचा केला. एडवर्ड डीड्स यांच्या गोठ्यावजा कोठारात मित्रमंडळी जमवून काम केलं (आजच्या भाषेत स्टार्टअप), १९११ मध्ये कॅडिलॅकवर चालवून दाखवलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकला सेल्फ आला. तीच मोटर नंतर जनरेटर होऊन बॅटरी भरायची. सुरू करताना २४ व्होल्ट आणि दिव्यांना ६ व्होल्ट, असा दुहेरी कारभार होता. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र सेल्फ मिळायला १९१९ उजाडलं.

जाता जाता, याच केटरिंगनी पुढे जनरल मोटर्समध्ये पाण्याऐवजी हवेवर थंड होणारं, तांब्याच्या पंखांचं इंजिन बनवलं. १९२३ ची ती शेवरोले इतकी सपशेल आपटली की साडेसातशेच्या आसपास गाड्या बनल्या, शंभरेक ग्राहकांपर्यंत पोचल्या आणि कंपनीने सगळ्या परत मागवल्या. एअरकूल्ड गाडी जगभर खपवून दाखवायचा मान गेला जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलला.

आणि आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. स्टुटगार्टला ऑनसाइट असताना टीममधल्या एका जर्मन सहकाऱ्याकडे १९६३ ची बीटल होती. वडिलांची. त्यांच्यामागे गाडी याच्याकडे आली. तक्रार एकच: थंड असताना छान चालू होते, पण तासभर चालवून पेट्रोल पंपावर थांबवली की नंतर चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’. बायको म्हणे विकून टाक, मित्र म्हणत बारा व्होल्ट करून टाक.

१९६३ ची बीटल सहा व्होल्टची. अमेरिकन गाड्यांनी १९५३ ते ५६ च्या दरम्यान बारा व्होल्ट घेतले. बीटलमध्ये ते आले १९६७ च्या मॉडेलपासून, आणि युरोपातल्या स्वस्त १२०० ला तर त्यानंतरही काही वर्षं सहाच होते. सहा व्होल्ट म्हणजे कंजूषपणा असं म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. बॅटरी मागच्या सीटखाली, सेल्फ तिथून हाताच्या अंतरावर, मधली जाड केबल आखूड. इंजिन सुरुवातीला ११३१ सीसी आणि २५ हॉर्सपॉवरचं, कॉम्प्रेशन ५.८. एवढ्याला अर्ध्या हॉर्सपॉवरचा सेल्फ पुरून उरायचा. १९६७ चं १५०० सीसीचं इंजिन ७.५ कॉम्प्रेशनचं होतं, तिथे तो धापा टाकला असता. निर्णय त्या इंजिनासाठी बरोबरच होता, इंजिन बदलत गेलं.

मग गरम झाल्यावर ‘टक्’ का? साधा ओहमचा नियम. समजा केबलचे जोड गंजून ०.००५ ओहमचा अडथळा झाला. सहा व्होल्टला २०० अँपिअर लागत असतील तर तिथे १ व्होल्ट खल्लास, म्हणजे एक षष्ठांश. तेवढ्याच कामाला बारा व्होल्टवर १०० अँपिअर लागतात आणि जातो अर्धा व्होल्ट, म्हणजे फक्त एक चोविसांश. त्यात सोलेनॉइडची वायर पुढे डॅशबोर्डवरच्या चावीपर्यंत जाऊन परत मागे येते. साठ वर्षांची ती वायर आणि वरून गरम तांबं. मधे एक रिले टाकला तरी बऱ्याच बीटलांचा हा आजार बरा होतो.

आता बारा व्होल्टचा सेल्फ आणून लावला की झालं, असं वाटेल. नाही राव! सहा व्होल्टवाल्या फ्लायव्हीलला १०९ दाते, बारावाल्याला १३०, आणि ती मोठी. एकाचा सेल्फ दुसऱ्याच्या दात्यांत बसत नाही. सेल्फच्या दांड्याचं टोक गिअरबॉक्सच्या कवचातल्या पितळी बुशमध्ये फिरतं. जुन्याला सुमारे साडेबारा मिलिमीटरचा बुश, नव्याला सुमारे अकराचा. बुश बदलता येतो. गिअरचा टप्पा असलेले आधुनिक सेल्फ तर बुशशिवायच चालतात. पण मोठी फ्लायव्हील मावावी म्हणून गिअरबॉक्सचं कवच आतून घासावं लागतं.

इथे तो अडला. सॉफ्टवेअरमध्ये आपण काहीही करतो कारण रोलबॅक असतो. घासलेला धातू परत येत नाही. वडिलांनी स्वतः खोललेला गिअरबॉक्स होता तो.

त्याने काय केलं, तर बॅटरी, जनरेटर, रेग्युलेटर, कॉइल, बल्ब, हॉर्न सगळं बारा व्होल्टचं घेतलं, वायपरला रेझिस्टर लावला, आणि सेल्फ ठेवला जुनाच, सहा व्होल्टचा! मी हादरलो. सहाच्या मोटरला बारा? जळेल की! पण जगभर लोक दशकानुदशकं हेच करत आलेत आणि ती जळत नाही. कारण तेच, गल्ल्याचं. दोन-तीन सेकंदांत तापायला वेळ कुठे आहे? फुकट मात्र काही नाही. पिनियन दात्यांवर जोरात आदळतं, रिंग लवकर झिजते, आणि गाडी चालू होत नाही म्हणून चावी धरून बसलात तर मोटर खरंच जाईल.

गाडी आता गरम असतानाही पहिल्या फटक्यात चालू होते, नको इतक्या जोरात. काढलेले सगळे सहा व्होल्टचे भाग त्याने चिठ्ठ्या लावून तळघरात एका खोक्यात ठेवलेत. दर वर्षी तो पांढरी पावडर टाकून रिंगचे दाते बघतो. गेल्या खेपेला फोनवर म्हणाला, चार ठिकाणी कडा गोल झाल्यात.