काळारामाच्या दारापासून माँटगोमेरीपर्यंत

आम्ही पंचवटीची माणसं. काळारामाच्या दारावरून रोज कामावर जातो-येतो. पण तिथं काय घडलं ते पोरांना विचारलं, तर बरीच गप्प बसतात.

2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथं सत्याग्रह सुरू झाला. 125 पुरुष आणि 25 स्त्रियांची तुकडी चारही दारांशी बसली. 9 एप्रिलला रथावरून दगडफेक झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी लढा पुढं चार-पाच वर्षे चालवला. दार उघडलं नाही. पण लढा दर्शनाचा नव्हताच, माणुसकीच्या हक्काचा होता. म्हणूनच 1935 साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचं दुःखही असंच. दोघांच्या स्थितीतलं साम्य बाबासाहेबांनी 1946 सालीच विद्वान ड्यू बॉईस यांना पत्रातून कळवलं होतं. 1955 साली माँटगोमेरीत रोझा पार्क्स बाईंनी बसमधली जागा गोऱ्याला सोडली नाही. लोकांनी 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला, पायी कामावर गेले. गिरणीत संप केलेल्या आम्हाला त्या दिवसांची किंमत कळते.

तेव्हा पोरांना हाताला धरून ते दार दाखवा, आणि आपली माणसं तिथं कशासाठी बसली ते सांगा.

जयभीम!