सदरी कोणाची?

ईदच्या आधी भंडारा, तुमसर, पवनीच्या बाजारात लहान मुलांच्या सदऱ्या टांगलेल्या दिसतात. तशाच सदऱ्या लग्नसराईत बाशिंगवाल्या घरांतही जातात. तरीही कुर्त्यावर सदरी घातलेला मुलगा दिसला की ‘मुसलमानी पोशाख’ असा शिक्का पटकन बसतो. पुढाऱ्याच्या अंगावर तीच सदरी कधी नेहरू जाकीट असते, कधी मोदी जाकीट! म्हणून तिची थोडी वंशावळ पाहू.

‘सद्र’ म्हणजे अरबीत छाती, पुढचा भाग. छाती झाकते ती सदरी. आपला सदरा आणि वाड्याची सदर ही याच कुळातली. मोगल काळात निमास्तीन, म्हणजे अर्ध्या बाह्यांचे वस्त्र, आणि बिनबाह्यांची फतुही होती. इंग्रजांचे वेस्टकोट आपल्याकडे ‘वास्कट’ होऊन आले, पण त्याचीही गंमत आहे. ऑक्टोबर १६६६ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने दरबारात ‘व्हेस्ट’ सुरू केले, तेव्हा जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्याला इराणी धाटणीचे म्हटले. म्हणजे ज्याला आपण साहेबी समजतो, त्याच्या मुळाशी पूर्वेकडचा शिंपीही उभा आहे.

मुलांच्या सुटात मात्र ते सगळीकडे नव्हते. इंग्लंडात ईटन पद्धतीच्या आखूड कोटाखाली वास्कट दिसायचे. १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या मुलाचे खलाशी पोशाखातले चित्र निघाले आणि तो पोशाख पुढे मुलांत पसरला. त्यात वास्कटाला जागाच नाही. गळ्याशी कापडाची एक पट्टी भागवून नेते. गळ्यापर्यंत बटणे असलेल्या नॉरफोक कोटाचेही तसेच. आपली शेरवानी त्याच न्यायाची: पुढून पूर्ण बंद, मग आत जाकीट दाखवायचे कुणाला? त्यामुळे शेरवानीत सदरी लपते आणि कुर्ता-पायजम्यावर तीच मुख्य होते.

गरिबाच्या घरी हा फरक कापडावर ठरायचा. शेरवानीला बाह्या हव्यात, गुडघ्यापर्यंत घेर हवा. सदरीला पुढचे दोन पल्ले चांगल्या कापडाचे पुरतात. पाठ अस्तराच्या कापडाची, मागे पट्टी आणि बकल. मुलगा वाढला की बकल सैल करायचे. बाह्या नाहीत, म्हणून त्या आखूड होण्याची भीती नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आले. अशा दिवसांत हा हिशेब किती मोलाचा असेल, हे सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. हा कोशाचा मुलूख. ढिवर समाजाची माणसे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवतात, मोहाडी-आंधळगावकडे कोष्टी तो विणतात. आणि आपल्या शरीयतीत पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य. हनफी फिकहमध्ये मुलग्यांना ते घालणेही मकरूह. यावर जुन्या विणकरांनी काढलेली वाट म्हणजे मशरू: ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, वर चमक आणि आत अंगाला सूत. नावाचा अर्थच ‘शरीयतीला मान्य’. दीन आणि शौक यांचे भांडण न लावता मागावर सोडवणारी ही बुद्धी मला फार आवडते. (कोशाबद्दल फतवा माझ्याकडून मागू नका, तो आलिमांचा प्रांत.)

डिसेंबर १९२०च्या नागपूर काँग्रेसमध्ये असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले आणि खादी ही देशभक्तीची खूण ठरू लागली. जवाहरलाल नेहरूंनी बिनबाह्यांचे जाकीट आपलेसे केले, मौलाना आझाद शेरवानीतच राहिले. देशप्रेम दोघांचेही कपड्याने मोजले गेले नाही. १९५४ मध्ये भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढवणाऱ्या डॉ. आंबेडकरांचा सूट तर आत्मसन्मानाची घोषणाच होती.

बिस्मिल्लाहखानीला चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचा मुलगा सदरी घालून बसतो, तेव्हा त्याच्या अंगावर इराण, दिल्ली, लंडन आणि आपल्या गल्लीतला शिंपी असे सगळे एकत्र असतात. त्याला मात्र फक्त खिसा हवा असतो, ईदी ठेवायला.