दार कोणी उघडले? मराठी भय-विज्ञानकथेतील शास्त्रज्ञ आणि जुन्नरचा वाचक

पदव्युत्तर वर्गात जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीवर चर्चा चालली असता मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी मध्येच म्हणाला, "सर, ही गोष्ट मी खेळलोय." वर्ग हसला. अधिक विचारले तेव्हा कळले की तो १९९८ साली अमेरिकेत निघालेल्या 'हाफ-लाइफ' या संगणकीय खेळाविषयी बोलत होता. त्याने दोन वाक्यांत साम्य सांगितले : "तिथंही शास्त्रज्ञच सुरुवात करतो. नको ते उघडतं, आणि मग सगळ्यांना भोगावं लागतं." विद्यार्थ्यांच्या अशा विधानांकडे आपण प्राध्यापक मंडळी बहुधा कौतुकाने पाहतो आणि अभ्यासक्रमाकडे वळतो. मलाही त्या दिवशी तसेच करावे लागले. परंतु त्या विधानात मराठी कथेच्या इतिहासाविषयीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या समीक्षेने नीट विचारलेला नाही असे मला वाटते. भयाचे दार उघडते, तेव्हा आपल्या कथेत ते कोण उघडतो? आणि शास्त्रज्ञ त्या वेळी दाराच्या कोणत्या बाजूस उभा असतो?

प्रथम त्या खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या नियतकालिकाच्या बहुतेक वाचकांचा त्याच्याशी संबंध आलेला नसावा. न्यू मेक्सिकोतील ब्लॅक मेसा नावाच्या काल्पनिक भूमिगत प्रयोगशाळेत गॉर्डन फ्रीमन नावाचा, सैद्धांतिक भौतिकीत डॉक्टरेट मिळवलेला तरुण कामावर येतो. वरिष्ठांच्या सांगण्यावरून तो एक नमुना यंत्राच्या किरणझोतात ढकलतो. प्रयोग फसतो, दोन विश्वांमधला पडदा फाटतो आणि झेन नावाच्या परक्या प्रदेशातील जीव प्रयोगशाळेच्या ओसऱ्या-बोळांत उतरतात. संहिता म्हणून यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. फ्रीमन संपूर्ण खेळात एक शब्दही उच्चारत नाही. आणि तो नमुना ढकलणारा हात कथेतल्या पात्राचा असला, तरी कळ दाबणारे बोट खेळणाऱ्याचे असते. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये (१८१८) शास्त्रज्ञ आपल्या अपराधाची कबुली दीर्घ निवेदनातून देतो आणि वाचक त्याचा न्याय करतो. येथे कबुली देणारा कोणी उरतच नाही. अपराध वाचकाच्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या, बोटांवर येऊन बसतो. माध्यम बदलले तरी पाश्चात्त्य भयकल्पनेतील शास्त्रज्ञाचे काम मात्र बदललेले दिसत नाही : तो दार उघडणारा आहे.

मराठीत मात्र त्याचा प्रवेश झाला तो दुसऱ्याच वेषात. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप क्रमशः येऊ लागले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरोघरी पोचवला. व्हर्नचा विद्वान हा प्रवासी असतो. तो विक्षिप्त, हट्टी, कधी हास्यास्पद असेल. पण त्याच्यामुळे जग बिघडत नाही, फक्त मोठे होते. मराठी वाचकाची शास्त्रज्ञाशी पहिली ओळख अशी निर्धास्त झाली, आणि त्या ओळखीचा परिणाम दीर्घकाळ टिकला असे मला दिसते.

भय वेगळ्या वाटेने आले. अनंत अंतरकरांच्या 'हंस', 'नवल' यांसारख्या मासिकांनी गूढ आणि अद्भुत यांना हक्काची जागा दिली, आणि नारायण धारप (१९२५–२००८) यांनी त्या जागेत एक स्वतंत्र विश्व उभे केले. धारप विज्ञानाचे पदवीधर होते, त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या; तरी त्यांच्या भयकथेत शास्त्रज्ञाला मध्यवर्ती स्थान नाही, आणि हा योगायोग नव्हे. त्या जागी त्यांनी 'समर्थ' बसवले. समर्थांची रीत पाहिली तर ती मांत्रिकापेक्षा निदान करणाऱ्या वैद्याची आहे : ऐकून घ्यायचे, जागा पाहायची, पूर्वीचे काय घडले ते जुळवायचे, मग उपाय. अप्पांसारखा साधा माणूस शेजारी ठेवून धारपांनी गुप्तहेरकथेतली निवेदनाची जुनी युक्तीही वापरली. म्हणजे पद्धत विज्ञानाची आणि विषय अतींद्रिय, अशी ही विभागणी आहे. दार येथे उघडते ते लोभाने, सूडाने, पूर्वजांच्या पापाने. ज्ञान असलेला मनुष्य येतो तो ते लावण्यासाठी. धारपांच्या 'आजी' या कथेचा धागा घेऊन आलेल्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटातही हीच रचना आहे. फरक एवढाच की तेथे दार लावणारा कोणीच येत नाही आणि लोभ पिढ्यांमागून पिढ्या उतरत राहतो.

१९७४ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून बसलेले जयंत विष्णु नारळीकर होते. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहून घेतली होती. ही हकिगत मौजेची म्हणून नेहमी सांगितली जाते. मला तीत अधिक काही दिसते. आपल्या साहित्यात शास्त्रज्ञ पात्र म्हणून स्थिर होण्याआधी लेखक म्हणून आला, आणि आला तो मुखवटा घालून, आपल्या विज्ञानाचे वजन पारड्यात पडू नये म्हणून. साहित्याच्या दरबारात त्याने स्वतःला परीक्षेस बसवले. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कराड संमेलनाच्या अध्यक्षपदावरून या नव्या लेखनाची दखल घेतली. दुसऱ्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. मराठी विज्ञानकथेतील शास्त्रज्ञ घडला तो या वातावरणात. म्हणून त्याच्या खांद्यावर कथानकापेक्षा मोठे ओझे आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पडतात की जेथे १७६१ साली मराठे जिंकले. तेथील मुंबईत ते आझाद मैदानावरच्या सभेत न बोलावता बोलावयास उभे राहतात आणि जमावाच्या रोषास बळी पडतात. हा प्रसंग, माझ्या मते, मराठीतील दुःस्वप्नाच्या चांगल्या चित्रणांपैकी एक आहे : सर्व ओळखीचे, आणि काहीही आपले नाही. त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली अद्भुताची जी मीमांसा मांडली, तिच्यानुसार घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक या संदेहात वाचक जोवर लटकलेला असतो तोवरच अद्भुत जिवंत असते. नारळीकर तो संदेह काही काळ उत्तम सांभाळतात. मग त्यांचा शास्त्रज्ञ-मित्र येतो, पुंजयामिकी समजावून सांगतो, आणि संदेह मिटतो. खिशात आलेले बखरीचे फाटके पान तेवढे मिटत नाही. स्पष्टीकरण संपल्यावरही ते हातात उरते, आणि कथा श्रेष्ठ ठरते ती त्या पानामुळे, स्पष्टीकरणामुळे नव्हे. येथेही शास्त्रज्ञाचे कार्य धारपांच्या समर्थांहून भिन्न नाही. दोघेही शेवटी येतात, दोघेही जाणतात, दोघेही दार लावतात.

आपल्या लेखकांनी शास्त्रज्ञाला अपराधापासून इतके का जपले? कल्पनाशक्तीची मर्यादा असे उत्तर देणारे समीक्षक आहेत. मला ते मान्य नाही. ज्या समाजात शास्त्रज्ञाची बाजू अगोदरच दुर्बळ असते, तेथे त्याला खलनायक करणे म्हणजे विरुद्ध पक्षास शस्त्र देणे होय, अशी ही जाणीव आहे. आणि ती निराधार नव्हती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भर रस्त्यात हत्या झाली. अशा प्रांतात विवेकाची बाजू घेणाऱ्या लेखकाने शास्त्रज्ञाविषयी सौम्यता दाखवली, तर तिला केवळ कलात्मक दोष म्हणता येत नाही. तथापि तिची किंमत कथेला द्यावी लागली. ज्याला अपराध करता येत नाही, त्या पात्राला अंतर्मनही फारसे राहत नाही.

'वामन परत न आला' हा या नियमाला मोठा अपवाद. वैज्ञानिक प्रयोगासाठी खोल खोदकाम चालले असता प्राचीन, लुप्त संस्कृतीने पुरून ठेवलेले ज्ञानाचे भांडार हाती लागते. त्यातील ज्ञानाच्या बळावर वामन नावाचे बुद्धिमान यंत्र घडवले जाते, आणि ती संस्कृती कशामुळे लयाला गेली हा इशारा उमगण्यास उशीर होऊ लागतो. माझ्या विद्यार्थ्याला ब्लॅक मेसा आठवला तो येथे. खणणारा शास्त्रज्ञ, वाचणारा शास्त्रज्ञ, घडवणाराही शास्त्रज्ञच. फ्रीमन मुका आहे. हे शास्त्रज्ञ मात्र सतत बोलतात, वाद घालतात, शंका घेतात. दार उघडण्याच्या क्षणी भाषा शिल्लक असणे हा मराठी कादंबरीने केलेला मोलाचा फेरफार आहे.

पण शीर्षकाचे काय? वामन हे मिथक आहे, आणि मिथक लेखकाच्या ताब्यात पूर्णपणे राहत नाही. लहान रूपाने यावे, थोडे मागावे आणि तीन पावलांत सर्व व्यापावे, एवढाच अर्थ घेतला तर वाढत जाणाऱ्या यंत्रास हे नाव चपखल आहे. परंतु महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) वामनाची कथा बळीच्या बाजूने वाचली, आणि जुन्नर-ओतूरच्या ज्या पट्ट्यात मी शिकवतो, तेथे सत्यशोधकांचे काम शेतकऱ्यांत रुजलेले होते. येथे दिवाळीत ओवाळताना बायका बळीचेच राज्य मागतात. या वाचकाला वामन कोण हा प्रश्न पडत नाही. त्याचा प्रश्न असा की जमीन कोणाची होती? कादंबरीत शास्त्रज्ञ आहेत, सरकार आहे, हेर आहेत, यंत्र आहे. बळी नाही.

ही अनुपस्थिती मला जुन्नरमध्ये अधिक जाणवते, कारण येथे यंत्र आणि शेत यांच्यामध्ये कुंपणाएवढेच अंतर आहे. १९७१ साली नारायणगावजवळच्या आर्वीस उपग्रह दळणवळणाचे विक्रम भूकेंद्र सुरू झाले. नंतर प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी राहिली : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. तीन भुजा हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, खगोलशास्त्राची गरज आहे. पण वर्गात ते कोणीतरी बोलून दाखवतेच. ही जागा निवडण्यामागचे एक कारण म्हणजे येथील रेडिओ-शांतता. विश्वाच्या दूरच्या टोकाचा क्षीण स्वर ऐकू यावा म्हणून आसमंतातील उद्योगांवर बंधने आली, आणि अलीकडे प्रस्तावित पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग या दुर्बिणीमुळे बदलावा लागणार म्हणून तालुक्यात असंतोष झाला. दरवर्षी २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनी, खोडदच्या प्रदर्शनास खेड्यापाड्यांतील मुले एसटीने आणि टेम्पोने हजारोंनी लोटतात हेही तितकेच खरे. अभिमान आणि तक्रार एकाच घरात नांदतात. त्याच तालुक्यात आळे येथे, ज्ञानदेवांनी वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. मुक्याने बोलावे हा आपला चमत्कार. दुर्बिणीसाठी मात्र आपल्याला गप्प राहावे लागते, असे एका विद्यार्थिनीने लिहिले होते. मी त्या वाक्याखाली रेघ मारली.

भयाचेही तेच. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या वाढू लागला. रात्री वीज येते तेव्हा पाणी धरायला बाहेर पडणाऱ्या माणसाला भयकथेची व्याख्या सांगावी लागत नाही. दार कोणी उघडले हे त्याला ठाऊक असते. त्यात लोभ नव्हता, शाप नव्हता. तज्ज्ञांनी आखलेली, त्याने स्वतः मागितलेली आणि ज्यावर त्याचे घर उभे राहिले अशी सुधारणा होती. शेजारच्या आंबेगाव तालुक्याला ज्या गावावरून नाव पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कारभार घोडेगावातून चालतो. बुडालेल्या गावाच्या नावाने दाखले निघतात, हे एखाद्या अद्भुतकथेत लिहिले असते तर आपण प्रतीक म्हणून त्याचे कौतुक केले असते. या भयात कोणी एकटा अपराधी नाही, आणि शास्त्रज्ञ त्यात निर्दोषही नाही. धारपांचा लोभी वारस किंवा नारळीकरांचा समजावणारा मित्र, दोघांच्याही साच्यात तो बसत नाही. फ्रीमन त्याच्या थोडा जवळ येतो : वरिष्ठांनी सांगितले, त्याने ढकलले, आणि आपण सर्वांनी कळ दाबली होती. असा शास्त्रज्ञ रंगवणारी, कालव्याच्या कडेला घडणारी मराठी भयकथा माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही.

त्या सत्राच्या परीक्षेत मी एक साधा प्रश्न घातला होता : 'वामन परत न आला' हे शीर्षक सुखान्त सूचित करते की शोकान्त, ते सकारण लिहा. बहुतेकांनी मानवजात, यंत्रयुग, विवेक असे योग्य मुद्दे मांडले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने चार ओळींत संपवले होते. सुखान्त, कारण तो परत आला नाही म्हणजे बळीचे शेत बळीकडे राहिले. मात्र बळी कादंबरीत कुठे आहे ते मला सापडले नाही, असे त्याने लिहिले होते. आदर्श उत्तरात असे काही नव्हते. मी पूर्ण गुण दिले.