शिवथरघळीतला अक्षरांचा धडा

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात, वरंध घाटाच्या अंगाला, शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी इथेच दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही घळ शोधून काढली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास आहे ‘लेखनक्रियानिरूपण’.

अक्षर सुंदर काढा, एवढं सांगून समर्थ थांबत नाहीत. पानावर आधी रेघा आखाव्यात, ओळींमधलं अंतर सारखं ठेवावं, एका ओळीच्या वेलांट्या नि मात्रा दुसरीला भिडू देऊ नयेत. ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहतो. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचवत नाही. कागद घोटण्यापासून टाक तोडण्यापर्यंत सगळं यात येतं.

जुन्या गावशाळांत हाच धडा हाताने दिला जाई. पंतोजी अक्षर काढून दाखवत, मूल धूळपाटीवर ते गिरवी. मग कित्ता यायचा: आधी कोरड्या बोरूने वळण घोटायचं, हात बसला की शाई. चूक तिथल्या तिथे सुधारली जाई. छडीचा धाकही होताच, पण हात तयार होई तो दाखवण्याने आणि सरावाने.

अमेरिकेत १९६०च्या दशकात सिगफ्रिड एंगलमन यांनी याच वाटेने जाणारी पद्धत शास्त्रशुद्ध बांधली: कौशल्याचे लहान तुकडे करायचे, करून दाखवायचं, मुलांबरोबर करायचं, चूक लगेच दुरुस्त करायची, मग मुलांवर सोपवायचं. गरीब मुलांसाठीच्या ‘फॉलो थ्रू’ या सरकारी प्रकल्पात अनेक पद्धती पारखल्या गेल्या. १९७७ च्या अहवालात वाचन-गणिताच्या मूलभूत कौशल्यांत हीच सरस ठरली.

म्हणजे सुबक अक्षर ही कुणा एका जातीची देणगी नव्हे. नीट दाखवलं तर कुठल्याही मुलाला ते साधतं. तरी दासबोधातल्या त्या समासाची पहिलीच ओवी ब्राह्मणाला उद्देशून आहे, आणि अस्पृश्यांच्या मुलांना त्या गावशाळांत जागा नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी याच महाडात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावातल्या चवदार तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काइतकाच शिक्षणाचा हक्कही तिथे आग्रहाने मांडला गेला.